गाठीचा ताप शहरात कसा शिरतो
(थेरगाव येथे १० मार्च रोजी, सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनाच्या सभेत एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आजच्या दिवशी सावित्रीबाईंच्या शिक्षणकार्यावर बोलण्याची वहिवाट आहे, व ती योग्यच आहे. परंतु ज्या रोगाने त्यांना आपल्यातून नेले त्या रोगाची खरी ओळख आपल्यापैकी फार थोड्यांना आहे. म्हणून मंडळाच्या चालकांनी विचारले तेव्हा मी प्लेग हाच विषय मागून घेतला. मी डॉक्टर नव्हे. ट्रेनिंग कॉलेजात मास्तरकी शिकलो, व वीस वर्षे मावळातल्या एका खेड्यात मुलांना शिकवीत आहे. पण ह्या विषयात औषधाचा भाग थोडा. घर, धान्य, भाडे आणि सरकार यांचाच भाग फार. तेव्हा एका मास्तराने त्यावर बोलण्यास हरकत नसावी.

१८९७ साली एकोणतीस दिवसांच्या आत आपली दोन माणसे प्लेगने गेली. ९ फेब्रुवारीला मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गेले. गिरणीकामगारांची पहिली संघटना १८८४ साली बांधणारा, 'दीनबंधु' चालविणारा, रविवारची सुटी १८९० साली मिळवून देणारा हा पुढारी. प्लेग सुरू झाल्यावर मुंबई सोडणे त्यांना अवघड नव्हते. ते कामगारांत राहिले. १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई गेल्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना घातला होता, व मुंढव्याच्या गावकुसाबाहेरील वस्तीतला एक आजारी मुलगा बाईंनी पाठीवर घालून तेथे नेला, अशी हकीकत सर्वत्र सांगितली जाते. ती ऐकून कित्येक जण हळहळून म्हणतात, "त्याला शिवल्या नसत्या तर वाचल्या असत्या." हा समज बरोबर नाही, आणि तो कसा बरोबर नाही हे दाखविण्यासाठीच मी आज उभा आहे.

आधी रोग मुंबईत कसा आला ते पाहू. १८९४ साली हाँगकाँगात प्लेग भडकला. येर्सिन नावाच्या शास्त्रज्ञाने तेथेच त्याचा जंतू हुडकून काढला. हाँगकाँगचा माल आगबोटीने मुंबईला येत असे, व मालाबरोबर उंदीरही उतरत. त्याच वाटेने रोग आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगस यांनी मांडवी भागात प्रथम तो ओळखला. मांडवीच का? कारण बंदराला लागून धान्याच्या वखारी तेथेच, आणि वखारींच्या माथ्यावर व आजूबाजूस माणसांची दाटी. माणसे आजारी पडण्यापूर्वी त्या वखारींतून उंदीर मरून पडत होते. हमालांनी ते पाहिले, झाडूवाल्यांनी उचलून टाकले. त्यांना कोणी विचारले नाही.

पुढे काय झाले ते ठाऊक आहेच. १८९७ च्या आरंभापर्यंत मुंबईतील निम्म्याच्या जवळपास लोक शहर सोडून गेले. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. दहा वर्षांनी ती ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची वस्ती घटावी ही गोष्ट लहान नाही. गिरण्यांना माणूस मिळेना, तेव्हा कामगार टिकावेत म्हणून मालकांनी रोजच्या रोज रोकड मोजण्यास सुरुवात केली. एरवी महिना-दीड महिना पगार अडकवून ठेवणारे हेच मालक. रोजचे पैसे रोज देता येतात हे त्यांना कळावयास प्लेग यावा लागला!

आता रोगाची साखळी नीट ध्यानात घ्या. प्लेग हा मुळात उंदराचा रोग आहे. उंदराच्या अंगावर पिसवा असतात. रोगी उंदराचे रक्त पिसवेने प्याले म्हणजे जंतू तिच्या पोटात जाऊन वाढतात, व जठराच्या तोंडाशी त्यांचा बोळा बसतो. मग कितीही रक्त ओढले तरी ते खाली उतरत नाही. पिसू उपाशीच राहते आणि भुकेने वखवखून चावत सुटते. ओढलेले रक्त बोळ्यावर आपटून जंतूंसह चाव्याच्या जखमेत परत जाते. ही गोष्ट बॅकॉट आणि मार्टिन यांनी १९१४ साली दाखवून दिली. उंदीर मेला, त्याचे अंग थंड पडले, की पिसू त्याला सोडते व दुसरा उंदीर शोधते. घरातले उंदीर संपत आले म्हणजे ती माणसावर उडी घेते. दोन ते सहा दिवसांत ताप भरतो, आणि चावा बहुधा पायाला असल्यामुळे जांघेत गाठ उठते. कोणाला काखेत, कोणाला मानेत. म्हणून आपल्या लोकांनी त्याला गाठीचा ताप हे नाव दिले, आणि ते अगदी चपखल आहे.

पिसवेवर पहिला संशय घेऊन प्रयोग करणारा सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर. १८९८ साली कराचीत त्याने रोगी उंदीर व निरोगी उंदीर एकमेकांस न शिवतील असे ठेवून पिसवेवाटे रोग जातो हे दाखविले. विद्वानांनी त्याला हसण्यावारी नेले. पुढे १९०५ पासून प्लेगच्या संशोधनासाठी नेमलेल्या मंडळाने मुंबईत परळ येथे मोठ्या काळजीने प्रयोग केले. त्यांतला एक शाळेतल्या पोरालाही समजेल असा आहे. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिग नावाचे प्राणी पिंजऱ्यात घालून टांगले. जो पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर होता त्यातला प्राणी प्लेगने मेला. जो दोन फुटांवर होता तो जगला. दोन्ही पिंजऱ्यांस हवा तीच, खोली तीच, दुर्गंधी तीच. फरक एवढाच की पिसवेची उडी चार-पाच इंचांपलीकडे जात नाही.

ह्या मंडळाने काढलेला निकाल आजही खरा आहे. गाठीचा प्लेग माणसाला होतो तो उंदरामुळे. उंदरापासून माणसापर्यंत त्याला आणते ती पिसू. आणि गाठीचा रोगी स्वतः दुसऱ्याला रोग देत नाही. अपवाद एक. रोग फुफ्फुसात उतरला म्हणजे रोग्याच्या खोकल्यातून तो थेट दुसऱ्याला लागतो, व तो प्रकार फार भयंकर आहे. तेव्हा सेवा करणाऱ्याला प्लेग गाठतो तो अंथरुणातल्या, कपड्यांतल्या पिसवेने, नाहीतर अशा खोकल्याने. शिवण्याने नव्हे. सोवळे पाळणाऱ्या घराच्या माजघरातही उंदीर पडलेच. एका भिंतीच्या बिळातून दुसऱ्या भिंतीत जाताना उंदीर कोणाची जात विचारीत नाही, आणि विटाळ मानून दूर उभे राहिलेला मनुष्य त्या विटाळामुळे वाचला असे एकही उदाहरण ह्या रोगाच्या शास्त्रात सापडावयाचे नाही.

आता पुण्याकडे वळू, कारण पुण्याची कथा आपल्या अगदी अंगाला लागून आहे. पवनेपलीकडे चिंचवड. चापेकर बंधू मूळ तेथले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला आपण शिकवितो. परंतु त्या आधीचे तीन महिने पुण्यात काय चालले होते, आणि त्याचा रोगावर काय परिणाम झाला, हा धडा कोणी शिकवीत नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. मार्चपासून मेपर्यंत सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरल्या. रोगी दवाखान्यात, घरचे लोक छावणीत, सामान रस्त्यावर किंवा जाळात. बायकांच्या काखा-जांघा चारचौघांत तपासल्या. भिंती धुतल्या, चुना फासला, जमिनी उकरल्या. मे महिन्यात साथ ओसरली व सरकारने स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पण साथ सोजिरांनी ओसरविली की उन्हाळ्याने? हवा फार तापली व कोरडी झाली म्हणजे पिसवा लवकर मरतात व त्यांच्या पोटातला तो बोळाही टिकत नाही. पावसाळा लागून हवा दमट व गार झाली, की पुन्हा त्यांचे फावते. झालेही तसेच. त्याच वर्षी पाऊस सरता सरता पुण्यात प्लेग परत आला, आणि १८९९ साली तर पहिल्याहून मोठा आला. सोजिरांनी माणूस झडला, माणसाची पेटी झडली, माणसाचे देवघर झडले. उंदीर भिंतीत होता तो भिंतीतच राहिला. इतकेच नव्हे, आपल्यावर धाड येणार ह्या भीतीने लोक रोगी लपवू लागले आणि रात्रीच गाठोडे घेऊन नातेवाइकांच्या गावी पळू लागले. त्या गाठोड्यातून पिसू गेली. माणूस धडधाकट असला तरी त्याच्या सामानातून पिसू प्रवास करते, हे परळच्या मंडळाने पुढे सिद्ध केले. रेल्वेच्या स्टेशनावर उतारूंची काख दाबून पाहणाऱ्याला तिचा पत्ता लागणार तरी कसा?

मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या दवाखान्यावर हल्ला केला. दवाखान्यात माणसे मारतात अशी वदंता होती. आज आपण त्यांना अडाणी म्हणून मोकळे होतो. मी म्हणतो, घरातून ओढून नेलेले माणूस परत येत नाही, आत काय चालते ते कोणी सांगत नाही, भेटू देत नाही, मग दुसरी समजूत होणार कशी? विश्वासाशिवाय साथ आवरत नाही. लोखंड्यांसारखा माणूस कामगारांत होता तोवर त्यांची भाषा बोलणारे कोणीतरी होते.

आणि अडाणी कोण, हाही प्रश्न आहे. विद्वान लोक जंतू हवेत आहे की जमिनीत ह्याचा काथ्याकूट करीत होते, त्या वेळी आपला शेतकरी एकच गोष्ट ओळखून होता: घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे. आढ्यावरून उंदीर पडला, की त्याच दिवशी बाडबिस्तरा उचलून शिवारात झोपड्या घालायच्या, महिना-दोन महिने तेथेच राहायचे. ज्यांची आजी-पणजी खेड्यातली आहे त्यांनी ह्या झोपड्यांची गोष्ट ऐकली असेल. कौलारू घराचा काळा उंदीर घर सोडून माळावर फारसा येत नाही; म्हणून माणूस उंदरापासून दूर गेला की साखळी तुटते. प्लेगवरील सर्व उपायांत हाच उपाय खरा गुणकारी ठरला. उणीव एकच होती. घरातली गोधडी आणि धान्याची पोतीही लोक बरोबर नेत, व एखादी पिसू त्यांतून झोपडीत येई. अंथरुणे चार दिवस कडक उन्हात पसरून मग आत घेतली असती तर पुष्कळ जीव वाचते.

शेतकऱ्याला शिवार होते. चाळीतल्या मजुराला काय होते? ज्याचा बंगला खंडाळ्याला होता तो खंडाळ्याला गेला. ज्याचे कोकणात घर होते तो बोटीने गेला. पण पोट मुंबईत, घर मुंबईत, आणि रोज चुकला तर चूल बंद, असा जो होता तो तळमजल्यावरच्या ओलसर खोलीत, धान्याच्या डब्याशेजारी, जमिनीवर अंथरूण टाकून निजला. पिसवेची उडी चार-पाच इंचांची. खाटेवर निजणारा आणि जमिनीवर निजणारा ह्यांत फरक पडणारच. गरिबाला प्लेग जास्त झाला तो त्याच्या घाणेरडेपणामुळे नव्हे, तर ज्या घरात त्याला भाड्याने राहावे लागले ते घर उंदराला सोयीचे होते म्हणून. १८९८ साली शहरसुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाटीची घरे पाडली, रुंद रस्ते काढले. पण ज्यांची घरे पडली त्यांतील पुष्कळांना त्याच भाड्यात दुसरे घर मिळाले नाही, व ते शेजारच्या दाटीतच अधिक दाटीने शिरले. उंदरांना ह्याहून काय हवे?

लसीविषयी दोन शब्द. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे. १९०२ साली पंजाबात मुलकोवाल गावी लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली, व सारा दोष हाफकिन यांच्या माथी आला. पुढे ते निर्दोष ठरले, पण लोकांचे मन कलुषित झाले ते झालेच. नागपूर-वऱ्हाडकडे बुकॅनन नावाच्या एका डॉक्टरने तर घरोघर मांजर पाळण्याचा पुरस्कार केला होता. कल्पना आपल्या लोकांना पटण्यासारखी, पण आज आपल्याला ठाऊक आहे की प्लेगचा उंदीर खाऊन मांजरही आजारी पडते व तिच्यापासून माणसाला रोग होऊ शकतो. ह्या सर्व खटाटोपात हिंदुस्थानात काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे गेली. १९०७ ह्या एकाच वर्षी दहा लाखांवर. ह्यांत बहुतेक खेड्यांतली, ज्यांची नावे कोठेही लागलेली नाहीत.

"मास्तर, हे सगळे जुने झाले," असे कोणी म्हणेल. ह्या सभेत बीडकडची मंडळी बरीच दिसतात; त्यांना विचारा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर बीड जिल्ह्यातही भेगाळलेली घरे सोडून लोक बाहेर राहिले, आणि धान्य मात्र आतच राहिले. उंदीर माजले. ऑगस्ट १९९४ मध्ये मामला गावी गाठीचा ताप निघाला. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग झाला व पन्नासांवर माणसे गेली. सुरतेत आपले खानदेशी कामगार पुष्कळ. लाखो लोक आगगाडीने, ट्रकने पळाले. पुष्कळ खाजगी डॉक्टरांनीही दवाखान्यांना कुलपे लावली. औषधाच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. ज्यांना ताप नव्हता त्यांनी त्या खाल्ल्या आणि ज्यांना होता त्यांना त्या मिळेनात. १८९७ ला औषध नव्हते. १९९४ ला होते, तरी माणसे तशीच पळाली. आणि मार्च २०२० मध्ये करोनाच्या वेळी महाराष्ट्रात तोच १८९७ चा कायदा पुन्हा लावण्यात आला. तेव्हा पत्र्याच्या खोल्यांतून भाडेकऱ्यांना कसे बाहेर काढले, बिऱ्हाडे डोक्यावर घेऊन लोक मराठवाड्याच्या रस्त्याला कसे लागले, हे ह्या गावाने पाहिले आहे.

प्लेग जगातून गेलेला नाही. २०१७ साली मादागास्करात दोन हजारांवर माणसांना तो झाला. रानातल्या उंदरांत तो दडून राहतो. घाबरविण्यासाठी मी हे सांगत नाही. वेळीच ओळखला तर स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन जातीच्या साध्या औषधांनी तो बरा होतो, आणि औषध न घेतल्यास गाठीच्या दहा रोग्यांत तीन ते सहा दगावतात. फरक फक्त दिवसांचा आहे. म्हणूनच मला येथली एक गोष्ट बोलली पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात ह्याच भागातल्या एका पत्र्याच्या चाळीत आठवड्याभरात अकरा उंदीर मेलेले सापडले. शेजारी किराण्याचे गुदाम आहे. भाडेकरू महापालिकेला कळवू म्हणाले, तेव्हा मालकाने बजावले की उंदीर नाल्यात टाका आणि तोंड बंद ठेवा. पालिकेची माणसे आली तर खोल्यांना सील लागेल व तुम्ही रस्त्यावर याल. कोणी कळविले नाही. ते उंदीर बहुधा गुदामवाल्याने घातलेल्या विषाने मेले असतील. पण बहुधा म्हणजे नक्की नव्हे, आणि नक्की करण्याचा मार्ग एकच, उंदीर तपासणे. मांडवीच्या हमालाला कोणी विचारले नाही. येथे तर सांगू पाहणाऱ्याचेच तोंड दाबले. त्या मालकाला माझे म्हणणे इतकेच की भाडेकरूंना धमकावून उंदीर लपतो, पिसू लपत नाही. ती त्याच्या स्वतःच्या माडीवरही चढेल. पोती वर नेणाऱ्या हमालाच्या पाठीवरून.

तेव्हा मेलेला उंदीर हाताने उचलू नका. हातमोजा किंवा पिशवी घालून, आधी कीटकनाशक फवारून मग गुंडाळा. एका जागी बरेच पडले तर क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य विभागाला त्याच दिवशी कळवा, आणि विष घातले होते की नाही तेही सांगा. उंदीर मारण्याची मोहीम काढणारांनी पिसवांचे औषध आधी फवारावे, विष नंतर घालावे. उलट केले तर मेलेल्या उंदरांच्या पिसवा माणसांवर येतात. धान्य पत्र्याच्या झाकणबंद डब्यात ठेवा, पोते भिंतीला टेकून ठेवू नका. गावाहून आलेली गोधडी उन्हात पडू द्या. जोराचा ताप आणि जांघेत किंवा काखेत दुखणारी गाठ असेल तर गावठी लेप लावीत बसू नका. येथले पालिकेचे रुग्णालय आहे, तेथे त्याच दिवशी जा, आणि आसपास उंदीर पडले होते का हे डॉक्टरने विचारले नाही तरी आपण होऊन सांगा.

मंडळाच्या वाचनालयात आजपासून एक वही ठेवली आहे. मेलेला उंदीर कोठे, केव्हा, किती, एवढेच तीत लिहायचे. लिहिणाऱ्याने नाव लिहू नये, म्हणजे भाडेकरूला भिण्याचे कारण नाही. दर शनिवारी मंडळाचे चिटणीस ती पालिकेत दाखवून पोच घेतील, अशी जबाबदारी त्यांनी अध्यक्षांसमोर पत्करली आहे. लिहिता येत नसेल त्याने मुलाला घेऊन यावे.